पैशाची बेगमी

(महाड-पोलादपूर परिसरातल्या बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

आज पैशाबद्दल बोलायचं आहे. बचत कशी करावी, व्याज कसं काढावं, हे तुम्हाला तोंडपाठ आहे, ते मी पुन्हा सांगणार नाही. आजचा प्रश्न वेगळा आहे. जुलैत आपल्या गटाच्या पेटीत किती पैसे असतील? गणपतीच्या आधी किती असतील? आणि हे आज, जानेवारीत बसून सांगता येईल का?

मोठ्या कंपन्या हे सांगतात. त्यांचे हिशेबनीस कॉम्प्युटरवर त्यासाठी खास सॉफ्टवेअर वापरतात. पुढच्या वर्षभरात कोणत्या महिन्यात किती पैसा येईल, किती जाईल आणि बँकेत किती उरेल, हे ते आधीच मांडून बघतात. इंग्रजीत त्याला कॅश फ्लो म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. आपल्याकडे यासाठी फार जुना शब्द आहे: बेगमी.

मे महिन्यात आपण काय करतो? लाकूडफाटा पडवीत रचतो. मीठ, मसाला, सुकट, डाळी भरून ठेवतो. जुलैत पाऊस धो धो पडत असताना घाटातून गाडी येणार नाही, ओलं लाकूड पेटणार नाही, हे आपल्याला मे महिन्यातच माहीत असतं. आपण जुलैकडे आधी बघतो आणि मग मे महिन्यात काय करायचं ते ठरवतो. हीच पद्धत पैशाला लावायची आहे, एवढंच.

तुम्ही म्हणाल, आमचं रजिस्टर आहे की. बैठक वेळेवर होते, बचत जमा होते, अंतर्गत कर्ज, परतफेड, सगळं लिहिलेलं असतं. खरं आहे. पंचसूत्रातलं पाचवं सूत्र हिशेब लिहिण्याचंच आहे. नाबार्डने 2015 साली ई-शक्ती नावाचं काम सुरू केलं, त्यात गटांचे हिशेब कॉम्प्युटरवर आणले. त्याचा पहिला प्रयोग झारखंडमधल्या रामगढ आणि आपल्या महाराष्ट्रातल्या धुळे जिल्ह्यात झाला. आता लोकओएसवरही गटांच्या नोंदी भरल्या जातात. ही सगळी कामं चांगली आहेत. पण रजिस्टर असो की ॲप, ते झालेलं सांगतं. काल काय आलं, काल काय गेलं. उद्याचं पान त्यात कोरं असतं. ते पान आपल्याला भरायचं आहे.

आता वही-पेन घ्या. मी एक उदाहरण सांगते. हा गट मी मनाने उभा केलेला आहे, पण यातला प्रत्येक खर्च तुमच्या ओळखीचा असेल.

समजा, दहाजणींचा गट आहे. नाचणीचे पापड, पोह्याचे पापड, मिरगुंडं, तांदळाच्या फेण्या करतो. फेब्रुवारीत पेटीत 20 हजार रुपये आहेत आणि बँकेतून एक लाखाचं कर्ज मिळालं. म्हणजे हातात 1 लाख 20 हजार. त्याच महिन्यात 50 हजारांचं धान्य आणि कच्चा माल घेतला, 15 हजारांची भांडी, सुकवायचा कागद, छापील पिशव्या घेतल्या. 65 हजार गेले. फेब्रुवारी अखेर शिल्लक 55 हजार.

मार्चमध्ये शिमग्याला थोडी विक्री झाली, 5 हजार आले. पुन्हा 25 हजारांचा कच्चा माल आणला. प्रत्येकीला 1,500 प्रमाणे मजुरी 15 हजार. बँकेचा पहिला हप्ता 6 हजार. 46 हजार गेले. शिल्लक 14 हजार.

एप्रिलमध्ये 20 हजारांची विक्री. मजुरी 15 हजार, पॅकिंग आणि गाडीभाडं 5 हजार, हप्ता 6 हजार. शिल्लक 8 हजार.

मे महिना आपला. चाकरमानी आले, मुलंबाळं आली, जाताना प्रत्येकाच्या पिशवीत पापड गेले. रोख विक्री 60 हजार. शिवाय मुंबईच्या एका दुकानदाराने एक लाखाचा माल उचलला. पैसे दोन महिन्यांनी देतो म्हणाला. मजुरी 15 हजार, भाडं 4 हजार, हप्ता 6 हजार. मे अखेर शिल्लक 43 हजार.

आता मे महिन्याच्या शेवटच्या बैठकीत गटाने हिशेब केला. विक्री किती? रोख 85 हजार, उधार एक लाख, मिळून 1 लाख 85 हजार. खर्च किती? कच्चा माल 75 हजार, भांडी-पिशव्या 15 हजार, मजुरी 45 हजार, पॅकिंग आणि भाडं 9 हजार, मिळून 1 लाख 44 हजार. नफा 41 हजार. बँकेचं व्याज वजा केलं तरी 39 हजारांच्या आसपास. टाळ्या वाजल्या. जूनमध्ये शाळा सुरू होणार, पेरणी येणार, म्हणून प्रत्येकीने साडेतीन हजार घेतले. 35 हजार वाटले. नफ्यापेक्षा कमीच वाटले, म्हणजे सगळं नियमात.

पुढे बघा. जूनमध्ये विक्री 8 हजार. हप्ता 6 हजार आणि वाटप 35 हजार गेलं. शिल्लक 10 हजार. जुलैत पावसात पापड कोण घेणार? विक्री 2 हजार, हप्ता 6 हजार. शिल्लक 6 हजार. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, ताई, माल अजून खपतोय, गणपतीनंतर बघू. ऑगस्टमध्ये गणपतीसाठी 25 हजारांचा माल भरायचा आणि 6 हजारांचा हप्ता. मिळून 31 हजार हवेत आणि पेटीत 6 हजार. तूट 25 हजारांची.

नफा झालाय, तो खराही आहे, पण तो मुंबईच्या दुकानात फळीवर बसलाय. नफा दुकानात, हप्ता दारात.

या गटातल्या एकाही बाईने आळस केला नाही, पैसे खाल्ले नाहीत, बेरीज चुकवली नाही. तरी ऑगस्टच्या बैठकीत काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. अध्यक्षाकडे बोट, सचिवाकडे बोट. कोणीतरी म्हणेल, मी माझ्या नावावर दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढते आणि हा हप्ता भरते. मग त्या कर्जाचा हप्ता आठवड्याला येणार. किंवा हप्ता थकणार, मग वेळेवर फेड करणाऱ्या गटाला मिळणारी व्याजातली सवलत जाणार, पुढचं कर्ज मागताना बँकेत मान खाली घालावी लागणार. कितीतरी गट असेच तुटतात. पैसा असतो, पण त्या तारखेला नसतो.

आता तोच हिशेब ऑगस्टमध्ये बघण्याऐवजी फेब्रुवारीत बघा. कर्जाच्या कागदावर सही करायच्या आधी. वहीचं पान आडवं धरा. वर महिन्यांची नावं लिहा. डावीकडे खाली खाली ओळी लिहा. पहिली ओळ, महिन्याच्या सुरुवातीला पेटीत किती. मग येणारे पैसे: रोख विक्री, उधारीची वसुली, कर्ज, सदस्यांची परतफेड. मग जाणारे पैसे: कच्चा माल, मजुरी, भाडं, हप्ता, वाटप. शेवटची ओळ, महिना अखेर किती उरले. ही शेवटची संख्या उचलायची आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या ओळीत ठेवायची. संपलं. सातवी शिकलेल्या बाईला हे जमतं. एकच गोष्ट लक्षात ठेवायची. उधार विकलेला माल विक्रीच्या महिन्यात लिहायचा नाही. पैसे ज्या महिन्यात हातात पडतील त्या महिन्यात लिहायचे.

असं मांडलं की ऑगस्टच्या रकान्यात खड्डा फेब्रुवारीतच दिसतो. आणि फेब्रुवारीत दिसलेला खड्डा बुजवायला सहा महिने असतात.

कसा बुजवायचा? पहिला उपाय वाटपाचा. जूनमध्ये साडेतीन हजारांऐवजी दीड हजारच घ्या. वह्या-पुस्तकं होतील. बाकीचे दोन हजार दुकानदाराचे पैसे आले की. म्हणजे 20 हजार पेटीत राहिले. दुसरा उपाय, गणपतीच्या ऑर्डरी जुलैतच फोनवर घ्या आणि चाकरमान्यांकडून थोडी आगाऊ रक्कम मागा. मुंबई, ठाणे, पनवेलला आपलीच माणसं आहेत. समजा, 10 हजार जमले. 20 आणि 10 मिळून 30 हजार. तूट 25 ची होती. म्हणजे दुकानदाराने एक रुपया दिला नाही तरी ऑगस्ट अखेर पेटीत 5 हजार आहेत. हप्ता भरला, माल भरला, कोणाकडे हात पसरला नाही.

तिसरा उपाय दुकानदाराचा. माल देताना निम्मे रोख मागायला लाजू नका. तारीख घातलेलं बिल द्या आणि त्याची सही घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी 2006 चा कायदा आहे. त्यात लिहिलंय की लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त धरता येत नाही. आणि करारच नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर व्याज लागतं. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकरातही नियम आला. मुदत उलटली आणि वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत तर व्यापाऱ्याला तो खर्च त्या वर्षाच्या हिशेबात वजा दाखवता येत नाही. म्हणून आता त्याचा सीएसुद्धा त्याला विचारतो, या लोकांचे पैसे दिलेत का? पण याचा फायदा घ्यायचा तर आपली उद्यम नोंदणी हवी. ती ऑनलाइन आणि फुकट होते. तिच्या अर्जात बचत गट हा प्रकारही आहे. कोणी नोंदणीसाठी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका.

चौथा उपाय बँकेचा. गटाला मुदत कर्ज मिळतं, तसं सीसी म्हणजे कॅश क्रेडिटही मिळतं. त्यात मर्यादा ठरलेली असते, लागेल तेव्हा काढायचे, आले की भरायचे, आणि जेवढे वापरले तेवढ्यावरच व्याज. आपला धंदा हंगामी असेल तर हा प्रकार सोयीचा पडू शकतो. तुम्ही बँक सखीला घेऊन साहेबांसमोर बसाल तेव्हा हातात हा बारा महिन्यांचा तक्ता असू द्या. आम्हाला कर्ज द्या असं म्हणणं वेगळं. आणि साहेब, आमचे पैसे मे आणि सप्टेंबरमध्ये येतात, जुलैत येत नाहीत, हे कागदावर दाखवणं वेगळं.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. वहीत सगळं होतं तर सॉफ्टवेअर कशाला? त्याची एक गोष्ट सांगते. 1978 साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात डॅन ब्रिकलिन नावाचा तरुण व्यवसायाचं शिक्षण घेत होता. प्राध्यापक फळ्यावर असाच मोठा तक्ता मांडत. मधला एक आकडा बदलला की त्याच्यापुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागत. त्याला वाटलं, एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलणारा फळा असता तर? मित्राच्या मदतीने त्याने तो बनवला आणि 1979 मध्ये व्हिसीकॅल्क नावाने तो बाजारात आला. आजचं एक्सेल, आपल्या मोबाइलमधलं गूगल शीट, ही सगळी त्याच वंशातली. हिशेब ठेवायचं आपल्या देशातलं टॅली 1986 पासूनचं आहे. आज मोठ्या कंपन्यांची अंदाज मांडायची सॉफ्टवेअरं हिशेबातले आकडे स्वतः उचलतात आणि पुढचे आठवडे, महिने मांडून दाखवतात. त्यांना महिन्याला पैसेही मोजावे लागतात. आपल्या गटाला तेवढ्या मोठ्या गोष्टीची आज गरज नाही. फुकटातलं गूगल शीट पुरे.

त्याचा खरा उपयोग एका शब्दात आहे: समजा. समजा दुकानदाराने जुलैऐवजी नोव्हेंबरमध्ये पैसे दिले. जुलैच्या चौकोनातले एक लाख काढा, नोव्हेंबरच्या चौकोनात ठेवा. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, सगळ्यांची शिल्लक डोळ्यांसमोर बदलते. समजा नाचणी किलोमागे पाच रुपयांनी महागली. समजा दोघी बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि माल कमी निघाला. वहीत प्रत्येक 'समजा'ला पान खोडावं लागतं, म्हणून आपण 'समजा' म्हणायचा कंटाळा करतो. मोबाइलवर कंटाळा येत नाही. प्रत्येक महिन्याला दोनच सूत्रं घालायची. शिल्लक म्हणजे सुरुवातीचे अधिक आलेले वजा गेलेले. आणि पुढची सुरुवात म्हणजे मागची शिल्लक. गटातली कॉलेजला जाणारी मुलगी किंवा सून अर्ध्या तासात हे करून देईल. पण करून देताना शेजारी बसा आणि दुसऱ्या दिवशी स्वतः एक आकडा बदलून बघा.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. सॉफ्टवेअर बेरीज करतं, अंदाज करत नाही. अंदाज तुमचा. मे महिन्यात दोन लाख लिहिलेत तर ते दोन लाखच धरणार. उलट विचारणार नाही की बाई, एवढे कुठून येणार? आणि स्क्रीनवर आकडा छान चौकोनात दिसला की तो खरा वाटायला लागतो. म्हणून अंदाज कसा करायचा ते बघू.

पहिली गोष्ट, भिंतीवरचं कॅलेंडर. मागच्या वर्षी, 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. गणपतीचा पैसा ऑगस्टमध्येच पेटीत आला. यंदा 2026 मध्ये ती 14 सप्टेंबरला आहे. अडीच आठवडे पुढे. म्हणजे ऑगस्टचा हप्ता गणपतीच्या पैशाच्या आधी येणार. मागच्या वर्षीचा तक्ता जसाच्या तसा उतरवून काढला तर ऑगस्टमध्ये फसगत ठरलेली. हे का झालं? यंदा अधिक महिना आहे, अधिक ज्येष्ठ, 17 मेपासून 15 जूनपर्यंत. आता त्याचाही विचार करा. अधिक महिन्यात लग्नं नसतात. लग्नाच्या रुखवताचे, जेवणाचे पापड जे तुम्ही मे अखेरपर्यंत विकता, ते यंदा मेच्या मध्यावर थांबतील. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं, त्यात अनारसे लागतात. तयार अनारशाचं पीठ, तयार अनारसे, हा यंदाचा जादा रोख धंदा आहे. आणि तो नेमका अशा वेळी येतो जेव्हा पुढे कोरडे महिने आहेत. म्हणजे कॅलेंडरने एका रकान्यातून पैसे काढले आणि दुसऱ्यात टाकले. तक्ता करणाऱ्या गटाला हे जानेवारीत कळेल. न करणाऱ्या गटाला मे महिन्यात.

दुसरी गोष्ट, आपला पाऊस. 22 जुलै 2021 महाड-पोलादपूरमध्ये कोणालाच विसरता येणार नाही. तळियेत दरड कोसळून 80 हून अधिक माणसं गेली. पोलादपूरकडे केवनाळे, साखर सुतारवाडी. महाड शहरात सावित्री आणि गांधारीचं पाणी घराघरांत, दुकानांत शिरलं. आंबेनळी घाट तुटला. गेलेली माणसं कुठल्या हिशेबात बसत नाहीत आणि बसवूही नयेत. पण मागे राहिलेल्यांना पुन्हा उभं राहायचं असतं, त्यासाठी हिशेब लागतो. म्हणून माझं सांगणं आहे की आपल्या तालुक्यांत प्रत्येक गटाने दोन तक्ते करावेत. एक नेहमीच्या वर्षाचा. दुसरा पावसाने घात केला तर. त्यात जुलै आणि ऑगस्टची विक्री शून्य धरा. गाड्या बंद धरा. खाली ठेवलेला माल भिजला असं धरा. मग बघा, पेटी किती महिने तग धरते? त्यातून आपोआप निर्णय निघतात. जूनच्या पंधरा तारखेनंतर बाजारपेठेतल्या खोलीत माल ठेवायचा नाही, उंचावरच्या घरात हलवायचा. रजिस्टर आणि पासबुकाचे फोटो काढून मोबाइलवर ठेवायचे. आणि दोन हप्त्यांएवढी रक्कम, आपल्या उदाहरणात 12 हजार, बँक खात्यात वेगळी मानायची, तिला वाटपात हात लावायचा नाही. तांदळाच्या डब्यात तळाला मूठभर तांदूळ ठेवतो तशी.

तिसरी गोष्ट, येणाऱ्या पैशाचे तीन प्रकार करा. नक्की, बहुतेक आणि आशा. सदस्यांची बचत, आगाऊ घेतलेली रक्कम, हे नक्की. दरवर्षी मे महिन्यात होणारी रोख विक्री, हे बहुतेक. दुकानदार म्हणाला पुढच्या महिन्यात देतो, कोणीतरी म्हणालं प्रदर्शनात स्टॉल मिळेल, ही आशा. आता नियम असा की हप्ता आणि मजुरी ही 'नक्की' आणि 'बहुतेक' यांच्यातून भागली पाहिजे. आशेवर हप्ता ठरवायचा नाही. आणि जाणाऱ्या पैशात असे प्रकार नसतात. जाणारा पैसा नेहमी नक्कीच असतो.

चौथी गोष्ट, महिना संपला की तक्त्यात अंदाजाच्या शेजारी खरा आकडा लिहा. मे महिन्यात 60 धरले होते, 48 आले. का? भांडायचं नाही, कारण लिहायचं. चाकरमानी उशिरा आले, की भाव जास्त लावला, की पापड फुटले? असं एक वर्ष केलंत की पुढच्या वर्षीचा तुमचा अंदाज कोणत्याही शहरातल्या हिशेबनीसापेक्षा बरोबर येईल. कारण आपल्या खोऱ्यात ऊन कधी पडतं आणि पाहुणा कधी येतो हे त्याला माहीत नसतं.

काही मावश्या म्हणतील, हे सगळं शिकलेल्यांचं काम. त्यांना मी आपल्या घाटापलीकडची एक खरी हकिकत सांगते. सातारा जिल्ह्यातलं म्हसवड, माण तालुका, दुष्काळी भाग. तिथल्या बायकांनी चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्ज करणाऱ्या कितीतरी बायका अंगठा लावणाऱ्या होत्या. त्या घरी बसल्या नाहीत. अक्षरं शिकल्या आणि पुन्हा साहेबांपुढे जाऊन म्हणाल्या, आम्हाला कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, आणि तुमच्या साहेबांना सांगा कॅल्क्युलेटरशिवाय करायला. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बघा, हिशेब त्यांच्या डोक्यात आधीपासून होता. कागद फक्त नंतर आला. तुमच्याही डोक्यात तो आहे. मोबाइल ही फक्त पाटी आहे.

मोबाइलवरून दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगते. तक्ता बनवायला बँकेचा पिन, ओटीपी, आधार क्रमांक काहीही लागत नाही. जे ॲप हिशेब ठेवतो म्हणून हे मागेल आणि पाच मिनिटांत कर्ज देतो म्हणेल, ते काढून टाका. आणि गटाचा तक्ता एकाच बाईच्या मोबाइलवर कुलूपबंद नको. निदान तिघींना तो उघडता आला पाहिजे. ज्या बाईला वाचता येत नाही तिला बैठकीत मोठ्याने वाचून दाखवायचा. शेवटची ओळ सगळ्यांना पाठ हवी: या महिन्यात किती उरणार, पुढच्या महिन्यात किती उरणार.

तर पुढच्या बैठकीचं काम. बचत गोळा झाली की पाऊण तास जास्त बसा. जुन्या वर्षाचं रजिस्टर आणि यंदाचं कॅलेंडर मध्ये ठेवा. पान आडवं धरा, फेब्रुवारी ते जानेवारी बारा रकाने आखा. आधी जाणारा पैसा भरा, हप्त्यापासून सुरुवात करा. मग येणारा, नक्की आणि बहुतेक एवढाच. प्रत्येक महिन्याची शिल्लक काढा. ज्या महिन्यात शिल्लक शून्याच्या खाली जाते तिथे लाल पेनने गोल करा. आणि तो गोल बुजवायला काय करायचं हे ठरल्याशिवाय बैठक उठवू नका. एका गटात एकच लाल गोल निघेल, एखाद्यात तीन निघतील. जितके जास्त निघतील तितकं आज बसल्याचं चीज झालं असं समजा.

लाकूडफाटा भरायला मे महिना आहे. पैशाची बेगमी आत्ता, जानेवारीतच करायची. तुमचा तक्ता झाला की ग्रामसंघाच्या बैठकीत घेऊन या, म्हणजे शेजारच्या वाडीतल्या गटालाही तो बघून आपला आखता येईल.